शेजारची वाटी मोजणाऱ्या मॅडम

आमच्या मॅडम हरल्या असत्या तर मी हे लिहायला बसलेच नसते. हरलेल्या माणसांवर हळवं लिहिणारे पुष्कळ आहेत, त्यांनी खुशाल लिहावं. माझ्या मॅडम जिंकल्या. भर गल्लीत, दिवसाढवळ्या, गल्लीभर बायांच्या आणि पुण्याच्या एका साहेबाच्या समोर जिंकल्या, आणि मी तिथं होते. मग मी काहून नाही सांगणार?

मॅडमची नमस्कार करायची पद्धत नव्हती. माणूस भेटला की पहिला प्रश्न, "काल काय खाल्लं?" ओळखीचा असो, बिनओळखीचा असो. एकदा दिग्रसहून यवतमाळला निघालो होतो. कंडक्टर तिकिटं फाडत आला. मॅडमनं पैसे दिले आणि विचारलं, "काल रातच्याला काय खाल्लं, बाप्पा?"

"कायले पाह्यजे तुमाले?"

"सांग तं खरं."

"खिचडी."

"अन् सकाळी?"

"सकाळचीच तं होती थे."

"बायको माहेरी गेली काय रे?"

कंडक्टरचा चेहरा पाहण्यासारखा झाला. आर्णी यायच्या आत त्याचं अर्धं भांडण मॅडमला कळलं होतं, आणि उतरताना तो म्हणाला, "उद्या जातो न तिले आणाले." मी कपाळाला हात लावला. मॅडम म्हणाल्या, "माणसाले सुखदुःख विचारलं का तो 'बरं आहे' म्हणते. जेवण विचारलं का सगळं बाहेर येते."

माझा काका वारला तेव्हाही त्या आर्णीला आल्या. घरात बाया बसलेल्या, रडणं चाललेलं. मॅडम सरळ काकूजवळ जाऊन बसल्या आणि त्यांचा तोच प्रश्न. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. काकू म्हणाली, "कालपासून काईच नाई वं माय." सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी पिठलं-भाकर आणून झाकून ठेवली होती, सगळ्यांनी काकूचं सांत्वन केलं आणि जेवू घालायचं राहूनच गेलं. मॅडमनं भाकर कुस्करली, तिच्या हाताला धरून चार घास खाऊ घातले आणि आल्या तशा निघून गेल्या. काकू अजून विचारते, ती जाडी मॅडम कशी आहे म्हणून.

जाड्या होत्याच. आवाजही तसाच. मूळच्या दिग्रसच्या, गृहविज्ञान शिकलेल्या. सगळी उमर तासिका तत्त्वावर शिकवण्यात गेली. या वर्षी या कॉलेजात, पुढच्या वर्षी त्या. कायम कधी झाल्या नाहीत. त्यांच्याकडून शिकून गेलेल्या पोरी कायम झाल्या, मॅडम मात्र दर जूनमध्ये नव्यानं मुलाखत द्यायच्या. त्यामुळे हा आहाराचा सर्व्हे आला आणि घाटंजी तालुक्याच्या प्रभारी म्हणून त्यांचं नाव छापून आलं, तेव्हा त्यांनी तो कागद मला दोनदा वाचायला लावला.

काम सांगायला सोपं होतं. वयानं मोठी माणसं काय खातात, ते किती चांगलं आहे आणि ते चांगलं किंवा वाईट कशामुळे होतं, हे मोजायचं. दहा प्रकारचं अन्न ठरवलेलं: धान्य, डाळी, हिरवा पाला, दूधदुभतं, अंडी, फळं असं. आदल्या दिवशी त्यातले किती प्रकार पोटात गेले ते लिहायचं. पाच किंवा जास्त असले तर ठीक, कमी असले तर चिंता. आम्ही सहा जणी दारोदार फिरायचो आणि मॅडम आमच्या डोक्यावर.

पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला बजावलं, "हे बघा पोरींनो, उभ्या जिंदगीत हे एक काम माह्या नावावर आलं. याच्यातलं एक अक्षर जरी कोणी खोटं म्हटलं, तं मी पुन्हा या लाईनमधी तोंड दाखवणार नाही. ज्याले घरी बसून फॉर्म भरायचे असन, त्यानं आत्ताच उठावं." कोणी उठलं नाही. त्यांचा आवाज ऐकून उठायची छातीच झाली नसती.

"'रोज काय खाता' असं विचारू नका," हे त्यांचं दुसरं. "'रोज' हा शब्द लय खोटारडा. रोज विचारलं का माणूस वरण, भात, भाजी, पोळी, दूध सगळं सांगते. काल विचारा. काल माणूस सापडते." आणि बाजाराच्या दुसऱ्या दिवशी विचारायचं नाही. घाटंजीचा बाजार झाला की घरोघर ताजी भाजी असते. तो दिवस म्हणजे फोटोसाठी नटून बसलेला गावाचा चेहरा.

वाट्यांची गंमत तर वेगळीच. माणूस 'थोडीशी भाजी' म्हणतो ती थोडीशी म्हणजे किती, हे कळावं म्हणून मॅडम पिशवीत लहानमोठ्या स्टीलच्या वाट्या घेऊन फिरायच्या. स्कूटीला पिशवी अडकवलेली, खड्ड्याखड्ड्याला खणखणाट. एका गावात आम्ही शिरलो तर एक म्हातारी जुनी लुगडी घेऊन धावत आली. "भांडेवाली बाई, याचं काय देशीन?" तिला वाटलं, जुन्या कपड्यांवर भांडी देणारी आली. मॅडमनं स्कूटी लावली, लुगडी उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाल्या, "चांगली हायेत. पहिले सांग, काल काय खाल्लं?" म्हातारीनं सांगितलं, फॉर्म भरून झाला, आणि जाताना मॅडमनं तिला खरंच एक वाटी देऊन टाकली. वर मला दटावलं, "लुगडं घे तिचं, नाहीतं तिले वाईट वाटन." ते लुगडं माझ्याकडे आहे.

आणि यांचं स्वतःचं? विचारू नका. खोलीवर एकट्या राहायच्या; सकाळी चहा-टोस्ट, दुपारी चहा-टोस्ट, संध्याकाळी कंटाळा आला की बालूशाही. मी एकदा फॉर्म काढला आणि म्हटलं, "मॅडम, तुमचा स्कोअर काढू काय?" तर म्हणाल्या, "प्रभारीचा सर्व्हे नसते वं. चाल, गाडी काढ."

आता मुख्य गोष्ट. घाटंजीपासून बरंच आत एक गाव आहे. तिथल्या एका गल्लीत सुभद्राबाई नावाची विधवा एकटी राहत होती. एक खोली, एक चूल. मजुरीला जाणारी. आमच्या हिशोबानं तिचा आकडा दोन, फार तर तीन यायचा. मॅडम तिच्याकडे बसल्या. ऑफिसचा नियम होता की उत्तर देणाऱ्याच्या घरी काही खायचं नाही. तो मॅडमनं दोन दिवस पाळला होता आणि तिसऱ्या दिवशी मोडला होता. म्हणजे त्या सुभद्राबाईची भाकर खायला बसल्या होत्या. भाकर आणि वरण, बस. तेवढ्यात शेजारची सून पदराखाली झाकून वाटी घेऊन आली. मग मागच्या दारानं दुसरी. मग भिंतीवरून एक हात आला, हातात वाटी. मॅडमचा घास हातातच राहिला.

"हे रोज येते काय?"

"रोज कायले," सुभद्राबाई खाली बघत म्हणाली, "येते आपलं एखांद्या वेळेस."

त्या दिवसापासून मॅडमना वाट्यांचं वेड लागलं. आम्ही 'काय खाल्लं' विचारलं की लोक आपल्या घरी शिजलं तेवढंच सांगत होते; मॅडम म्हणाल्या, ताटात काय आलं ते बघा, जेवणाच्या वेळेला जाऊन बसा. आणि मग त्या गल्लीचे आकडे असे चढत गेले की आम्हालाच भीती वाटायला लागली. एका घरी एकच भाजी शिजायची, पण ती चार घरी जायची आणि चार घरच्या तिच्याकडे यायच्या. उलट गावाबाहेर नवा बंगला बांधलेला एक शेतकरी होता. ट्रॅक्टर, फ्रिज, सगळं. त्याचा आकडा गल्लीतल्या मजुरांपेक्षा कमी. पोळी, बटाटा आणि पाकिटातलं फरसाण. मॅडम त्याला तोंडावर म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या कंपाऊंडनं तुमची भाजी खाल्ली." तो हसला, पण त्याची बायको हसली नाही. ती गल्लीतूनच तिकडे राहायला गेली होती.

वाटी सगळीकडे जात होती असंही नाही. रस्त्याच्या अलीकडची वाटी पलीकडच्या मोहल्ल्यात जाताना अजून अडखळत होती. मॅडमनं तेही लिहिलं, लपवलं नाही.

हे सगळे आकडे वर गेले आणि वरून फोन आला. मजुरांच्या गल्लीचं जेवण बंगल्यापेक्षा बरं कसं? एकट्या विधवेचा आकडा सात? फॉर्म घरी बसून भरलेले दिसतात. पडताळणीला पुण्याहून साहेब येतील.

साहेब आले. तरुण, सभ्य, हातात टॅब. माणूस वाईट नव्हता, हे मी आज म्हणू शकते. तेव्हा मला त्याला गावच्या विहिरीत ढकलावंसं वाटत होतं. तो थेट सुभद्राबाईच्या दारात गेला. मागे सरपंच, दोनचार पुरुष, कोणी कोणी बघे. "मावशी, काल काय काय खाल्लं?"

सुभद्राबाईनं सगळ्यांकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि ताठ मानेनं म्हणाली, "भाकर. वरण."

"आणखी काही?"

"आणखी कायचं? गरिबाच्या घरी आणखी काय राहते?"

पुढच्या दारी तेच. त्याच्या पुढे तेच. मी मागे उभी राहून जळत होते. अहो, दुसऱ्याच्या घरचं खाल्लं हे चार पुरुषांसमोर कोण सांगेल? मागून खाल्ल्यासारखं दिसतं ते! साहेबानं टॅब बंद केला आणि मॅडमना अगदी हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, मला वाईट वाटतं. उद्या दुपारपर्यंत आकडे खरे असल्याचं पटवून दिलंत तर ठीक, नाहीतर या गावचे फॉर्म रद्द करावे लागतील. आणि प्रभारी म्हणून तुमचं नावही काढावं लागेल."

मॅडमनं वाट्यांची पिशवी उचलली आणि त्या स्कूटीकडे वळल्या.  घाटंजीला येऊन आम्ही चहाच्या ठेल्यावर बसलो. त्यांनी बालूशाही मागवली आणि तशीच ठेवली. मला रडू फुटलं. "कायले रडून राह्यली?" त्या एकदम खेकसल्या. "सुभद्रा खोटी बोलली काय? नाही. तिनं घरची इज्जत राखली. चूक आपल्या प्रश्नात आहे. घेणाऱ्याले विचारलं का मान खाली जाते."  मग त्यांनी ती बालूशाही उचलून एका घासात तोंडात टाकली. मला कळलं, बाई पुन्हा उभी राहिली.

दुसरा दिवस बाजाराचा होता. मजुरी बंद, बाया घरी. मॅडमनं साहेबांना सुभद्राबाईच्याच गल्लीतल्या मंदाकडे जेवायला बसवलं. साहेब म्हणाले, नियमात बसत नाही. मॅडम म्हणाल्या, "ही मंदा आपल्या यादीत नाही. उत्तर देणाऱ्याच्या घरी खायचं नाही, एवढाच नियम आहे. बसा." मंदानं वरण-भाकर केली होती. पाहुणा आला हे गल्लीला कळायला कितीसा वेळ लागतो? पदराखालून वाट्या यायला लागल्या. सोल्याची, म्हणजे तुरीच्या हिरव्या दाण्यांची भाजी. हरभऱ्याचा पाला. लाल कोहळं. भरीत. अंड्याचा रस्सा. कढी. कोणीतरी ओंजळभर बोरं आणून ठेवली. साहेब आधी नको नको म्हणत होते, मग मान खाली घालून जेवले. पुण्यात त्यांना कोण असं जेवू घालत असेल!

हात धुताना मॅडमनं फॉर्म पुढे केला. "आता सांगा, या घरी काय शिजलं अन् तुम्ही काय खाल्लं?"

साहेब हसले. पण हुशार होते. "मॅडम, हे पाहुण्यासाठी झालं. पाहुण्याला सगळेच देतात. रोज देतात हे कशावरून?"

खरं सांगते, त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

मॅडम मात्र खुदकन हसल्या. याच वाक्याची वाट बघत होत्या. "बरोबर. म्हणून आता तुम्ही एकटे जा. ही पोरगी फक्त दार दाखवन, तोंड उघडणार नाही. मी इथंच बसतो, नाहीतं म्हणाल मॅडमनं पढवलं. सुभद्राचं नाव काढू नका. कोणाले काय मिळालं हे विचारूच नका. एकच विचारा, काल तुमच्या घरून कोणाकडे काय गेलं?"

पहिलं दार. साहेबांनी प्रश्न विचारला. ती बाई काल 'वरण-भाकर' म्हणून दार लावून घेणारी. आज तिचा चेहरा असा उजळला की बस. "गेलं न साहेब! सोल्याची भाजी केलती. देवरच्या घरी देल्ली, मंदाले देल्ली, अन् सुभद्राबाईले देल्ली. तिले लय आवडते माह्या हातची."

दुसरं दार. "कोहळं केलतं. पाहा बरं, समोरच्यांनी ताट चाटलं असन! सुभद्राबाईले बी देल्लं."

तिसऱ्या दारात सासू-सुना दोघी. सून म्हणाली, अंड्याचा रस्सा दोन घरी दिला. सासू म्हणाली, "तीन घरी. सुभद्रेले म्या देल्ला मागच्या दारानं, तू कोठी होती?" साहेब लिहीत होते. चौथ्या दारी ताक, पाचव्या दारी पाल्याची भाजी. देणाऱ्याला लाज कसली? एकेक बाई सांगताना फुगत होती. बातमी आमच्या पुढे पळाली आणि पुढच्या दारांवर बाया आधीच येऊन उभ्या. "साहेब, माह्या घरचं लिहा! माह्या घरून बी गेलं!"

सगळ्यांनी दिलेलं साहेबांनी एकेका घराच्या नावापुढे मांडलं. सुभद्राबाईचं कालचं ताट तिच्या एका शब्दाशिवाय भरलं होतं. मोजलं. मॅडमनं लिहिलेल्या आकड्यापेक्षा एकानं जास्तच निघालं.

साहेब मंदाच्या अंगणात परत आले. मॅडम बाजेवर बसल्या होत्या, हात गुडघ्यांवर घट्ट दाबलेले. साहेबांनी टॅब खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, तुमचे फॉर्म खरे आहेत. चूक आमची झाली. एकही रद्द होणार नाही, आणि तुमचं नाव आहे तिथंच राहील."

मी उडीच मारली. बायांना नेमकं काय झालं ते कळलं नव्हतं, पण मॅडम जिंकल्या एवढं कळलं, आणि एकच गलका झाला. मॅडम उठल्या नाहीत. डोळे पुसायलाही त्यांना सुचलं नाही, नुसत्या बघत बसल्या.

तेवढ्यात गर्दीतून सुभद्राबाई पुढे आली. मला वाटलं, आता ही दुखावली. सगळ्या गल्लीनं हिला काय काय दिलं त्याचा डांगोरा पिटला गेला होता.

"साहेब," ती म्हणाली, "साऱ्यायचं लिहिलं. माह्यं काऊन नाही लिहिलं?"

"तुमचं काय, मावशी?"

"माह्या घरून काय गेलं थे! जवसाची चटणी. ज्याच्या वावरात जवस काढाले जातो, त्याच्याकून जवस आणतो, अन् कुटतो. माह्या हातची चटणी या गल्लीत कोणाकडे नाही, थे सांगा बरं? विचारा साऱ्यायले!"

साहेबांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनं माझ्याकडे. एवढ्या वाट्या मोजल्या आणि या बाईच्या घरून काय जातं हे आम्हा कोणालाच विचारायचं सुचलं नव्हतं! जवसाची चटणी घरोघरी असतेच, असं धरून चाललो होतो. मी फॉर्म उलटायला लागले. पहिल्या घरी जवसाची चटणी. दुसऱ्या घरी. तिसऱ्या घरी. तेलबियांच्या रकान्यात सगळ्या गल्लीचा जो एकेक गुण होता, तो सुभद्राबाईच्या उखळातून आलेला होता.

"माय वं!" मॅडम अशा ओरडल्या की झाडावरचे पक्षी उडाले. त्यांनी सुभद्राबाईला मिठीच मारली. सुभद्राबाई काटकुळी, मॅडममध्ये दिसेनाशी झाली, फक्त तिचा आवाज येत होता, "लिहिलं काय? पहिले लिवा!"

साहेबांनी लिहिलं. तिच्यासमोर, तिला दाखवून.

त्यानंतर वरच्या ऑफिसनं तो प्रश्न सगळ्या तालुक्यांच्या फॉर्मवर घेतला. 'काल तुमच्या घरून कोणाकडे काय गेलं?' मॅडमचे शब्द, एक अक्षर न बदलता. नवे छापील फॉर्म घ्यायला आम्ही यवतमाळला गेलो. मॅडमना धीर कुठला! बसस्टँडवरच त्यांनी गठ्ठा सोडला, प्रश्न शोधला आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असा खड्या आवाजात वाचला. मी लाजून इकडेतिकडे बघू लागले.

बाकावर पुसदच्या गाडीची वाट बघत एक बाई बसली होती. ना ओळख, ना पाळख. तिला वाटलं, आपल्यालाच विचारलं. तिनं पिशवी मांडीवर ओढली, मान वर केली आणि म्हणाली, "मेथी गेली न बाई. घरमालकिणीले देल्ली, अन् वरच्या मजल्यावर दोन पोरी राहातेत शिकणाऱ्या, त्यायले देल्ली. जराशी आमच्यासाठी ठेवली."